बाजार उठतो तेव्हा

मराठीत 'उठणे' या क्रियापदाची गंमत अशी की, ते कोणाच्या मागे लागते त्यावर त्याचा अर्थ पालटतो. आजारी माणूस उठला म्हणजे घरात आनंद होतो. बाजार उठला म्हणजे पाले गुंडाळली गेली, माणसे पांगली, दिवेलागणीच्या वेळी मैदानात धूळ तेवढी उरली. एखाद्याचा बाजार उठवला असे आपण म्हणतो तेव्हा तर त्याचे वाटोळे केले, असाच अर्थ अभिप्रेत असतो. पुराने, आगीने किंवा भूकंपाने एखाद्या गावची पेठ जमीनदोस्त होते तेव्हा तिच्या वाट्याला या शब्दाचे दोन्ही अर्थ एकामागून एक येतात. पहिल्या अर्थाने बाजार क्षणार्धात उठतो. दुसऱ्या अर्थाने तो केव्हा उठेल, कोणाच्या आधाराने उठेल, आणि मुळात उठेल की नाही, हे बऱ्याच अंशी फार आधी, सगळे सुरळीत चालले असताना ठरून गेलेले असते. या लेखात आम्हांला सांगायचे आहे ते एवढेच.

हा विषय साहित्याच्या मासिकात कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, या मासिकाचे वाचक पुष्कळसे बदलीच्या नोकरीतले आहेत. कोणी रेल्वेत, कोणी टपालखात्यात, कोणी बँकेत, कोणी बंदरावर. आपला मुलूख सोडून परक्या गावी तीन-चार वर्षे राहायचे, तिथली भाषा मोडकीतोडकी बोलायला शिकायचे, आणि ती जिभेवर बसते न बसते तोच पुन्हा सामान बांधायचे, असा आपला क्रम. संकट आले म्हणजे याच माणसांच्या हाती तक्ते येतात. किती घरे पडली, किती भिंतींना तडे गेले, किती जनावरे दगावली, हे मोजण्याचे काम ज्या गावात आपण पाहुणे आहोत त्या गावात आपल्याकडे येते. मोजणारा परका असला की तो जे दिसते तेच मोजतो. आणि पेठेत जे सर्वांत मोलाचे असते ते डोळ्यांना दिसत नाही.

आम्हांला याची जाणीव प्रथम झाली ती कच्छात. २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी पावणेनऊच्या सुमारास तिथली जमीन हादरली. भचाऊ तालुक्यातल्या चोबारी गावाजवळ केंद्र असलेला तो भूकंप ७.७ क्षमतेचा होता. भूज, अंजार, भचाऊ आणि रापर ही चार शहरे उद्ध्वस्त झाली आणि गुजरातेत सरकारी गणतीप्रमाणे १३,८०० च्या वर माणसे दगावली. त्याच वर्षाच्या अखेरीस आमची बदली तिकडे झाली. तोवर मृतांची मोजणी संपली होती, घरांची चालू होती, आणि दुकानांची निघाली होती. आमच्याकडे जो तक्ता आला त्यात छप्पर, भिंत, दरवाजा, गाळ्याचे क्षेत्रफळ आणि मालकाचे नाव, इतके रकाने होते.

एका गावाच्या वेशीबाहेर पत्र्याच्या खोपटात एक कापडव्यापारी बसले होते. साठीच्या घरातले गृहस्थ. त्यांना सगळे 'काका' म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. जुन्या पेठेतले त्यांचे दुकान तळघरासकट गेले होते आणि त्याबरोबर त्यांचे चोपडे, म्हणजे आपल्या भाषेत कीर्द आणि खतावणी, ढिगाऱ्याखाली गाडले गेले होते. आम्ही तक्ता भरून घेतला तेव्हा ते शांतपणे हिंदीत म्हणाले, "साहेब, दीवार तो आपने गिन ली. ग्राहक कौन गिनेगा?"

त्या वेळी हा प्रश्न आम्हांला सात्त्विक संतापाचा वाटला होता. पुढे त्यांच्याकडे जाणेयेणे वाढले तेव्हा कळले की, तो अगदी व्यवहाराचा प्रश्न होता. काकांचे दुकान पडून पंधरा दिवसही झाले नसतील तोच मुंबईच्या घाऊक पेठेतल्या त्यांच्या आडत्याने, जुनी बाकी शिल्लक असताना, कापडाचे चार गठ्ठे उधारीवर पाठवून दिले होते. कागद नाही, तारण नाही. काकांचे वडील आणि त्याचे वडील यांच्यातला चाळीस वर्षांचा व्यवहार तेवढा होता. गावातली आणि आसपासच्या खेड्यांतली गिऱ्हाइके आपण होऊन खोपटाशी येत, 'काका, माझ्या नावे इतके निघत होते' असे सांगत, आणि काका नव्या वहीत ते लिहून घेत. सगळे आले नाहीत. जे आले त्यांतही कित्येकांपाशी द्यायला तूर्त काही नव्हते. तथापि खतावणीचा मोठा भाग अशा रीतीने लोकांच्या तोंडून पुन्हा लिहिला गेला. दुकान पडले होते, परंतु काकांचा धंदा पडला नव्हता. तो मुंबईच्या आडत्याच्या आणि खेड्यांतल्या गिऱ्हाइकांच्या मनात शाबूत होता, आणि तिथूनच तो परत आला.

काकांच्या शेजारी, जुन्या पेठेत त्यांच्याच ओळीत, तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई आणि डाग देणारा एक कारागीर तीस वर्षे बसत असे. गाळा त्याचा नव्हता. भाड्याची पावती त्याला कधी मिळाली नव्हती आणि त्याने ती मागितलीही नव्हती. काम रोखीचे आणि चार-दोन रुपयांचे, म्हणून कोणाच्या वहीत त्याचे नाव नव्हते, बँकेत खाते नव्हते, परवाना नव्हता. तक्त्यातला मालकाचा रकाना घरमालकाच्या नावाने भरला गेला. काकांना त्याची खंत होती. त्यांनी आपल्या खोपटाबाहेर त्याला काही दिवस बसायला जागाही दिली. परंतु ज्या घरांची भांडी तो डागत असे ती घरेच पांगली होती. आम्ही चौकशी केली तेव्हा तो बायकामुलांना घेऊन कुठे तरी कारखान्यात मजुरीला गेला, एवढेच कळले. भूकंपाने दोघांचे नुकसान सारखेच केले होते. एकाचे नाव पाचपन्नास ठिकाणी नोंदलेले होते, दुसऱ्याचे कुठेच नव्हते, इतकाच काय तो फरक.

कच्छचा प्रदेश या बाबतीत एखाद्या जुन्या दप्तरासारखा आहे. संकटानंतर व्यापाराचे काय होते याचे दाखले तिथे जागोजाग मांडून ठेवलेले आहेत. वायव्येच्या कोपऱ्यात, खाडीच्या तोंडाशी लखपत नावाचे गाव आहे. सिंधशी चालणाऱ्या व्यापारावर ते एके काळी इतके संपन्न होते की, रोज लाख कोरींचे उत्पन्न म्हणून लखपत, अशी त्याच्या नावाची कथा सांगतात. कोरी हे कच्छचे जुने नाणे. फतेह मुहंमद या जमादाराने १८०१ साली गावाभोवती भक्कम तट बांधला. सिंधच्या राज्यकर्त्यांनी वरच्या अंगाला घातलेल्या बांधांमुळे नदीचे पाणी तोवर कमी होतच आले होते. १६ जून १८१९ रोजी मोठा भूकंप झाला. रणात जमीन उचलली जाऊन एक लांबच लांब बांध तयार झाला, त्याला लोक 'अल्लाह बंद' म्हणू लागले. जवळचा सिंद्री नावाचा किल्ला, जिथे कच्छ दरबारचे जकातनाके होते, पाण्याखाली गेला; तिथली माणसे बुरुजावर चढून कशीबशी वाचली. जकातीच्या कामावर असलेल्या आमच्या वाचकांनी हा प्रसंग क्षणभर डोळ्यांपुढे आणावा. सिंधूचे पाणी आणि त्याबरोबर होड्यांची वाट गेली, तसा लखपतचा व्यापारही गेला. फतेह मुहंमदाचा तट मात्र आजही बराचसा उभा आहे. सुमारे सात किलोमीटरांच्या त्या तटाच्या आत थोडी घरे आहेत आणि बाकी ओसाड जागा. भिंती मोजणाऱ्याला लखपतमध्ये मोजायला पुष्कळ सापडेल.

याच्या उलट गोष्ट धमडका गावची. अजरख या नावाने प्रसिद्ध असलेले, गर्द तांबड्या-निळ्या रंगांचे ठशांचे कापड करणारे खत्री रंगारी कित्येक पिढ्यांपूर्वी सिंधमधून कच्छात आले आणि नदीकाठच्या या गावी स्थायिक झाले. अजरखचे सगळे काम पाण्यावर चालते. कापड भिजवायचे, हिरड्याच्या पाण्यातून काढायचे, चुन्याचे, लोखंडाचे, तुरटीचे ठसे मारायचे, निळीत बुडवायचे, तांबड्या रंगात उकळायचे, आणि मधूनमधून पुन्हा पुन्हा धुवायचे. जुन्या कचेऱ्यांतली शाई हिरडा आणि हिराकस यांची करीत, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यातले मर्म सहज कळेल. हिरड्याला लोखंड भेटले की काळा रंग उमटतो. ठशाने जिथे लोखंड लावले तिथे तो काळा हवाच असतो. परंतु धुण्याच्या पाण्यातच लोह असेल तर सगळे कापड काळवंडते आणि तांबड्याचा तेजस्वीपणा जातो. २००१ च्या भूकंपाने धमडक्यातली घरे तर पडलीच. शिवाय जमिनीखालचे पाणी खोल गेले आणि त्यातले लोहाचे प्रमाण वाढले.

घरांच्या पंचनाम्यात ही हानी कुठे लिहायची? धमडक्याला सगळी घरे जशीच्या तशी बांधून दिली असती, तरी रंगाऱ्यांचा धंदा बसलाच असता. इस्माइल खत्री यांच्यासारख्या जाणत्या कारागिरांनी हे ओळखले. रंगारी समाजातल्या बऱ्याच कुटुंबांनी भूजच्या पूर्वेला जमीन घेतली, पाणी पाहून घेतली, आणि तिथे नवे गाव वसवले. त्याचे नाव अजरखपूर. काही कुटुंबे धमडक्यातच राहिली आणि पाण्याची दुसरी सोय करून त्यांनी काम चालू ठेवले. आज दोन्ही गावांत अजरख होते. लखपतच्या भिंती राहिल्या आणि व्यापार गेला. धमडक्याच्या भिंती गेल्या आणि व्यापार राहिला. आपला धंदा कशावर उभा आहे हे रंगाऱ्यांना आधीपासून नेमके ठाऊक होते, म्हणून पुन्हा उभे राहताना त्यांनी प्रथम पाणी पाहिले आणि मग घरांचे पाहिले.

आणखी एक दाखला गांधीधामचा. फाळणीनंतर सिंधी व्यापाऱ्यांची पेढी, गोदाम, कराची बंदर, सगळेच परमुलखात राहिले. भाई प्रतापांच्या पुढाकाराने सिंधू रिसेटलमेंट कॉर्पोरेशन ही संस्था १९४८ साली स्थापन झाली. कच्छच्या महारावांनी पंधरा हजार एकर जमीन दिली. ती जमीन कांडला बंदराच्या पाठीशी होती, ही गोष्ट महत्त्वाची. निर्वासितांना नुसती घरे द्यायची असती तर ती कुठेही देता आली असती. परंतु बंदरावर जगलेल्या माणसांना दुसरे बंदर हवे होते, आणि ते जिथे व्हायचे होते तिथेच गाव आखले गेले. कांडला १९५५ मध्ये मोठे बंदर म्हणून जाहीर झाले, आणि गांधीधाम हे गाव व्यापाराचे केंद्र बनले.

या तीन दाखल्यांचा ताळा करून पाहिला तर २००१ नंतर सरकारने जे केले त्याचेही गुणदोष नीट दिसू लागतात. घरबांधणीच्या बाबतीत गुजरातने महाराष्ट्राच्या अनुभवाच्या पुढे एक पाऊल टाकले, असे म्हणणे भाग आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादकडची ५२ गावे नव्या जागी बहुतांशी ठेकेदारांकडून वसवली गेली. रस्ते रुंद झाले, घरे एकसारखी झाली. परंतु जुन्या गावात दारावरून जाणारे गिऱ्हाईक नव्या गावात कोठून येणार, ही कुरकुर तिकडच्या सुताराच्या आणि वाण्याच्या तोंडून आम्ही स्वतः ऐकली आहे. गुजरातेत पुष्कळ ठिकाणी घर ज्याचे त्यानेच बांधावे, सरकारने हप्त्याहप्त्याने पैसा आणि सल्ला द्यावा, हा मार्ग स्वीकारला गेला, आणि तो चांगला ठरला.

पेठांचे तसे झाले नाही. भूजच्या कोटाच्या आतले शहर नव्याने आखायचे ठरले. अरुंद गल्ल्यांनी भूकंपात माणसे मारली होती, तेव्हा रस्ते रुंद करणे योग्यच होते. पण आराखडा पुरा होईपर्यंत आत बांधकाम करता येईना, आणि आराखड्याला वेळ लागला. जो धंदा दीड-दोन वर्षे पत्र्याखाली तग धरू शकत होता तो टिकला. भाडेकरूंचा प्रश्न तर फारच मागे पडला. उद्योगांसाठी केंद्र सरकारने जुलै २००१ मध्ये कच्छात नव्याने निघणाऱ्या कारखान्यांना पाच वर्षे उत्पादनशुल्काची सूट दिली. त्या सवलतीने पुढे मोठमोठे कारखाने आले, रोजगार आला, हे कोणी नाकारणार नाही. परंतु कापडाचे काका किंवा कल्हईवाला हे उत्पादनशुल्काच्या कक्षेत कधी नव्हतेच. जे भरायचेच नव्हते त्याची सूट घेऊन ते काय करणार? पडलेला बाजार उठवणे आणि त्याच्या शेजारी नवा बाजार भरवणे, ही दोन कामे आहेत. दुसरे झाले म्हणून पहिले झाले असे समजू नये.

मदतीच्या बाबतीतही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. भूकंपानंतर देशभरातून कच्छात जुन्या कपड्यांचे ढीग येऊन पडले. देणाऱ्यांचे मन मोठे होते, यात शंका नाही. पण कपडे फुकट वाटले जात असताना, नुकतेच उधारीवर कापड आणून बसलेल्या दुकानदाराकडे कोण फिरकणार? पहिले दोन-तीन आठवडे फुकट वाटपाला पर्याय नसतो. त्यानंतर मात्र जे गावच्या दुकानात मिळू लागले आहे ते गावच्या दुकानातूनच विकत घेऊन वाटावे, किंवा लोकांच्या हाती पैसा द्यावा. म्हणजे एकाच रुपयाने घरही सावरते आणि दुकानही. मदत करणाऱ्या संस्थांना हे सुचवण्याचे काम जागेवरचा अधिकारीच करू शकतो.

मग आधीपासून तयारी होती असे कुठे काहीच नव्हते काय? होते. ९ जून १९९८ रोजी कांडल्याला चक्रीवादळाचा तडाखा बसला. मिठागरांवर काम करणारी, बाहेरगावाहून आलेली कितीतरी माणसे त्यात वाहून गेली. त्यांतल्या अनेकांची नावे कोणत्याच यादीत नव्हती. त्या वादळानंतर कच्छातल्या अनेक स्वयंसेवी संस्थांनी एकत्र येऊन 'कच्छ नवनिर्माण अभियान' उभे केले. अडीच वर्षांनी भूकंप झाला तेव्हा हे जाळे तयार होते. कोणत्या तालुक्यात कोणाला विचारायचे, हे ठाऊक होते. गावे आणि सरकार यांच्यामध्ये 'सेतू' नावाची केंद्रे निघाली ती या जाळ्यातून. आणि कारागिरांच्या धंद्यासाठी पुढे 'खमीर' ही संस्था निघाली त्यातही या अभियानाचा हात होता. तहान लागल्यावर विहीर खणू नये, ही म्हण आपण मुलांना शिकवतो. इथे विहीर आधीच्या तहानेच्या वेळी खणलेली होती, एवढेच.

हे सगळे कच्छपुरते आहे असे मात्र नाही. आपल्या मुलखात २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले आणि दुकानेच्या दुकाने मालासकट बुडाली. त्या पुरात तिथल्या एस.टी. आगाराचे व्यवस्थापक आगाराची लाखो रुपयांची रोकड सांभाळीत बुडालेल्या बसच्या टपावर कित्येक तास बसून राहिले. ही बातमी वाचून आमचा ऊर भरून आला. कोणत्याही सरकारी नोकराला अभिमान वाटावा अशीच ती निष्ठा. परंतु ऊर भरून आल्यानंतर मनात असेही आले की, चिपळुणात २००५ सालीही पाणी भरले होते. रोकड, दप्तर आणि चाव्या वरच्या मजल्यावर नेण्याची एखादी ठरलेली रीत असती, तर त्या भल्या माणसाला जीव धोक्यात घालण्याची वेळ आली नसती. जिथे योजना नसते तिथे शौर्याला तिचे काम करावे लागते, आणि शौर्य दरवेळी वेळेवर हजर असेलच असे नाही.

त्या पुरानंतर राज्य सरकारने दुकानदारांना नुकसानीच्या ७५ टक्के, परंतु ५० हजार रुपयांपर्यंत, आणि टपरीधारकांना १० हजारांपर्यंत मदत जाहीर केली. मदत चांगलीच, पण ती पदरात पडायची तर दुकान आपले आणि रीतसर चालणारे असल्याचे कागद पुढे करावे लागतात. ज्याचे कागद दुकानातच होते त्याचे ते दुकानाबरोबर भिजले.

तर मग व्यापाऱ्याने करायचे काय? आम्हांला जे दिसले त्यावरून सांगतो. पहिली गोष्ट, आपला धंदा कोणत्या एका गोष्टीवाचून बंद पडेल, हे स्वतःला विचारावे. रंगाऱ्याचे पाणी, पिठाच्या गिरणीची वीज, औषधविक्रेत्याचा शीतकपाट, खानावळीचा आचारी. ती गोष्ट गेली तर दुसरी कोठून आणायची, हे आधी ठरवून ठेवावे. दुसरी, हिशेबाची प्रत गावाबाहेर असावी. पूर्वी हे अवघड होते. आज फोनमधून हिशेब मुंबईस किंवा मुलाकडे पुण्यास पाठवता येतो. मात्र त्याचा परवलीचा शब्द एकट्या वडिलांना ठाऊक असेल तर ती प्रत असून नसल्यासारखी. येणे कोणाकडून, देणे कोणाला, हे कागदाच्या एका पानावर वर्षातून दोनदा लिहून परगावच्या नातलगाकडे द्यावे, यात काही कमीपणा नाही. तिसरी, परगावच्या समव्यवसायी माणसाशी आधीच बोलून ठेवावे की, वेळ आली तर महिनाभर तुझ्या गोदामात माझा माल राहील, आणि तुझ्यावर आली तर माझ्याकडे तुझा.

चौथी गोष्ट विम्याची. लहान दुकानदार विमा उतरवतो तो पुष्कळदा बँक कर्ज देताना आग्रह धरते म्हणून, आणि हप्ता वाचावा म्हणून मालाची किंमत कमी दाखवतो. त्याचा परिणाम पुष्कळांना ठाऊक नसतो. दहा लाखांचा माल असून पाच लाखांचाच विमा उतरवला, आणि दोन लाखांचे नुकसान झाले, तर नेहमीच्या नियमाने हाती येतो एक लाख. कारण उरलेल्या अर्ध्याचा विमा तुम्ही स्वतःच उतरवला होता असे धरले जाते. एप्रिल २०२१ पासून पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही ठरावीक नमुन्याची पॉलिसी आली. तिच्यात भूकंप आणि पूर मूळ संरक्षणातच धरले गेले, आणि किंमत पंधरा टक्क्यांपर्यंत कमी दाखवली गेली असली तर कपात न करण्याची सोयही केली गेली. दुकान बंद राहिल्याने बुडणाऱ्या नफ्याचा विमा वेगळा असतो. 'लॉस ऑफ प्रॉफिट' या नावाने तो ओळखला जातो. ज्याचे पगार आणि भाडे दुकान बंद असतानाही चालूच राहणार, त्याने त्याची चौकशी अवश्य करावी.

आता आपल्याविषयी, म्हणजे तक्ता हाती घेणाऱ्यांविषयी. आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा २००५ साली झाला आणि प्रत्येक जिल्ह्याची योजना असावी असे त्याने सांगितले. अशा काही योजना आम्ही चाळल्या आहेत. त्यांत होड्या किती, रुग्णवाहिका किती, शाळा किती, हे नेटके लिहिलेले असते. दुसऱ्या महिन्यात पेठ कुठे भरेल, हे क्वचितच असते. वस्तुतः त्यासाठी फार काही करावे लागत नाही. लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर असलेले एखादे मैदान तात्पुरत्या बाजारासाठी आधीच नेमून ठेवावे. वीज आणि पाणी सुरू करताना इस्पितळानंतर बाजाराचा क्रम लावावा. तात्पुरत्या जागेतून बँकेचे काम चालवावे, कर्जांची मुदत वाढवावी, हे रिझर्व्ह बँकेने आपल्या २०१८ च्या निर्देशांत सांगून ठेवले होते. अशी तरतूद आहे हे गावच्या शाखाधिकाऱ्याला संकटाच्या आधी ठाऊक असले पाहिजे, नंतर परिपत्रक शोधीत बसण्यात पहिला महिना जातो. आणि सर्वांत महत्त्वाचे, पेठेची यादी दुकानाच्या मालकावरून न करता धंदा करणाऱ्यावरून करावी. फेरीवाल्यांच्या २०१४ च्या कायद्याने त्यांची पाहणी दर पाच वर्षांनी करायला सांगितली. ती जिथे मनापासून झाली तिथे निदान हातगाडीवाल्याचे नाव कुठे तरी लिहिलेले सापडते. भाड्याच्या गाळ्यातला शिंपी, पायरीवरचा चांभार, कोपऱ्यातला कल्हईवाला यांचेही नाव तसेच लिहिलेले असावे.

आम्ही तिथून निघालो तेव्हा काकांनी पेठेतल्या नव्या गाळ्याचा पाया घातला होता. जुन्या खतावणीतली बाकी त्यांना सगळी मिळाली नाही, मुंबईच्या आडत्याचे देणे मात्र ते फेडीत होते. त्यांच्या ओळीतल्या चौदा दुकानदारांपैकी नऊजण परत आले होते. उरलेल्या पाचांपैकी तिघे भाडेकरू होते.

आपण कोणत्याही गावी कायमचे राहायला आलेले नसतो. चार्ज देताना आपण खुर्च्या, कपाटे, शिक्के, प्रलंबित फायली यांची यादी देतो आणि पोच घेतो. त्या कागदांत एक पान आणखी घालावे, अशी आमची आमच्या वाचकांना विनंती आहे. या गावचा बाजार कशावर चालतो, त्याला माल कोठून येतो, उधार कोण देतो, कोणाची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत, आणि संकट आले तर प्रथम कोणाला विचारावे, इतके त्या पानावर लिहावे. लिहिण्यासाठी संध्याकाळी चार दिवस पेठेतून हिंडावे लागेल, आणि मोडक्यातोडक्या भाषेत बोलावे लागेल. मागून येणारा अधिकारीही आपल्यासारखाच परका असणार. त्याच्या हाती तक्ता येईल तेव्हा निदान ते पान त्याच्यापाशी असावे.